नाम, वचन आणि देह : बॉम जेझुस चर्चच्या वास्तूतील श्रद्धेचे थर

१

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चचा विषय निघाला की सामान्यतः दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, तेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव ठेविलेले आहे. आणि दुसरी, हे चर्च म्हणजे भारतातील बरोक वास्तुशैलीचा एक उत्तम नमुना होय. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु ती शेजारी शेजारी ठेविली म्हणजे वाचकाचा असा समज होतो की, संताच्या शवासाठी हे चर्च उभारले गेले आणि आज तेथे जे दिसते ते सारे एकाच काळी, एकाच कल्पनेतून घडले. कालानुक्रम पाहता हा समज टिकत नाही. चर्चच्या बांधकामास २४ नोव्हेंबर १५९४ रोजी आरंभ झाला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या हस्ते त्याचे विधिपूर्वक अर्पण झाले. त्या दिवशी झेवियर यांना संतपद मिळालेले नव्हते आणि त्यांचे शवही या चर्चमध्ये नव्हते. संतपदाची घोषणा १२ मार्च १६२२ ची. शव या चर्चमध्ये आले ते १६२४ मध्ये. चांदीची पेटी १६३७ ची. आणि जिच्यावर ती पेटी आज विराजमान आहे ती संगमरवरी समाधी १६९८ ची.

एखाद्या जुन्या पोथीचा पाठ निश्चित करताना मूळ संहिता कोणती आणि नंतरच्या हातांनी घातलेली भर कोणती, हे आधी वेगळे करावे लागते. भर म्हणून ती त्याज्य ठरत नाही. उलट ती ज्या काळात पडली त्या काळाचा ती पुरावाच असते. हाच न्याय वास्तूलाही लागू आहे. बॉम जेझुस चर्चची वास्तू आणि तिच्यातील वस्तू या दृष्टीने तपासल्या, तर तेथे श्रद्धेचे निरनिराळे थर एकावर एक बसलेले आढळतात. मूळचे चर्च हे नामाचे आणि वचनाचे आहे. सतराव्या शतकात त्यात देहाची प्रतिष्ठा झाली. आणि विसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर आणखी एका श्रद्धेने हात फिरविला, जी धर्माची नसून पुराणवस्तूविषयीची आहे. हे थर वेगळे करून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. अखेरच्या थराचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. ही वास्तू पुढे टिकावी कशी, याच्याशी तो निगडित आहे.

२

पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० मध्ये. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. त्याच वर्षी रोममध्ये येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली, आणि ६ मे १५४२ रोजी त्या संघाचे एक संस्थापक फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. बॉम जेझुसचा पाया घातला गेला तेव्हा गोवे शहर वैभवाच्या शिखरावर होते, आणि जुन्या धर्माची दृश्य चिन्हे शहरातून नाहीशी होऊन अर्धशतक लोटले होते. नव्या धर्माची चिन्हे कोणती असावीत, हा प्रश्न त्यामुळे केवळ सौंदर्याचा नव्हता.

येशूसंघाने आपल्या या चर्चसाठी चिन्ह निवडले ते येशूचे नाव. चर्चच्या शीर्षकातच ते आहे. पोर्तुगीज भाषेत 'बॉम जेझुस' म्हणजे 'भला येशू'. भक्तीच्या भाषेत हे संबोधन बालयेशूलाही उद्देशून आहे. दर्शनी भागाची रचना या नावाकडे नेणारी आहे. तळाशी तीन दरवाजे, त्यांवर तीन मोठ्या आयताकृती खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे, आणि सर्वांच्या वर, शिखरासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या भागात, एकच चौकट. त्या चौकटीत काळ्या पाषाणात तीन अक्षरे कोरलेली आहेत : आय, एच, एस. दरवाजे-खिडक्यांच्या त्रिसंख्येत त्रैक्याचे प्रतीक पाहण्याचा प्रघात आहे. परंतु अशी त्रिविध मांडणी त्या काळच्या अनेक चर्चच्या दर्शनी भागांत सापडते, म्हणून तिच्यावर फार भर देणे युक्त नव्हे. येथे लक्षणीय आहे तो क्रम. तिहींच्या तीन ओळी चढून दृष्टी एकावर येऊन थांबते, आणि तो एक म्हणजे मूर्ती नव्हे, क्रूसही नव्हे, तर अक्षरे आहेत.

या अक्षरांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. येशूच्या ग्रीक नावातील पहिली तीन अक्षरे आयोटा, एटा आणि सिग्मा ही होत. ग्रीकातील 'एटा' हा स्वर आहे. परंतु त्याची आकृती लॅटिनमधील 'एच' या व्यंजनासारखी दिसते. ग्रीकचे ज्ञान मागे पडले तसा पश्चिमेकडील वाचकांनी त्या स्वराला व्यंजन मानले, आणि मग तीन अक्षरांतून 'येशू, मानवांचा तारक' अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द उकलले. मूळचा संक्षेप विसरला जाऊन त्याची नवी व्युत्पत्ती लावली गेली. लोकव्युत्पत्ती म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याचेच हे विद्वानांच्या हातचे रूप होय. येशूसंघाने ही अक्षरे आपली मुद्रा म्हणून स्वीकारली. येशूच्या नामापुढे स्वर्गात, पृथ्वीवर आणि पाताळात प्रत्येकाने गुडघे टेकावेत, ही सेंट पॉलच्या पत्रातील शिकवण त्या मुद्रेमागे उभी आहे.

प्रश्न असा की, गोव्यातील नवख्रिस्ती माणूस ही अक्षरे वाचू शकत होता काय? बहुसंख्यांना रोमन लिपी येत नव्हती. त्यांच्या दृष्टीने शिखरावरील आय, एच, एस ही अक्षरे नसून एक आकृती होती. नाम येथे उच्चारासाठी नव्हे, तर दर्शनासाठी कोरलेले आहे. नामाची महती सांगणारी परंपरा मराठी मुलखाला नवी नव्हती. परंतु तेथे नाम मुखी असावयाचे, ते शिखरावर लिहिण्याची चाल नव्हती. दोन्हींकडे 'नाम' हाच शब्द योजता येतो, एवढ्यावरून दोन्हींची कल्पना एकच होती असे समजणे ही चूक ठरेल.

दर्शनी भागात घडीव काम केलेला काळा पाषाण वसईहून आणला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोव्याचा स्थानिक दगड जांभा. तो सहज कापला जातो, पण सच्छिद्र असल्याने त्यात बारीक नक्षी टिकत नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि तेथील काळा दगड समुद्रमार्गे गोव्यास येई. भिंतींचा भार स्थानिक जांभ्याने वाहिला. अक्षरे व अलंकार मात्र अधिक टिकाऊ दगडात कोरले गेले. काय टिकले पाहिजे याविषयी बांधणाऱ्यांचा निर्णय दगडाच्या या निवडीतून व्यक्त होतो.

३

आत प्रवेश केला म्हणजे चर्चची मूळ कल्पना अधिक स्पष्ट होते. वास्तू सुमारे १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद आणि ६१ फूट उंच आहे. मध्यवर्ती दालन एकच. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांनी वेगळे केलेले पार्श्वमार्ग नाहीत. परिणामी दालनात कोठेही उभे राहिले तरी वेदी दिसते आणि प्रवचनकाराचा आवाज अडत नाही. ही रचना आकस्मिक नव्हे. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने प्रवचन हे धर्माधिकाऱ्यांचे प्रमुख कर्तव्य ठरविले होते, आणि रोममधील येशूसंघाच्या मुख्य चर्चची आखणी याच हेतूने एकसंध दालनाभोवती झाली होती. गोव्यातील चर्चने रोमचे अनुकरण जसेच्या तसे केले नाही. रोममध्ये दालनाच्या दोन्ही अंगांना लहान प्रार्थनागृहांच्या रांगा आहेत, येथे त्या नाहीत. येथील दालन अधिक साधे आहे. मात्र हेतू तोच : सर्वांनी एकत्र बसून ऐकावे.

ऐकावयाचे काय, हे दक्षिणेकडील भिंतीतून पुढे आलेले लाकडी प्रवचनपीठ सांगते. त्याच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. या योजनेत त्या काळचा एक मोठा वाद सामावलेला आहे. केवळ शास्त्रग्रंथ हेच प्रमाण, असे प्रॉटेस्टंट सुधारक म्हणत होते. ट्रेंटच्या सभेने १५४६ मध्ये त्याला उत्तर दिले की, शास्त्रग्रंथ आणि परंपरा ही दोन्ही सारखीच आदरणीय आहेत. शुभवर्तमानकारांच्या जोडीला आचार्यांना बसविणे म्हणजे मूळ ग्रंथाच्या जोडीला भाष्यकाराला बसविणे होय. प्रवचनकार त्या पीठावर उभा राहिला की तो ग्रंथ आणि भाष्य या दोहोंच्या आधाराने बोलत आहे, असे श्रोत्यांना दिसे. पीठाच्या तळाशी भार पेलणाऱ्या सात आकृती आहेत. त्यांचा शास्त्रार्थ लावण्याचा मोह आवरलेला बरा. सुताराच्या हातालाही स्वतःची परंपरा असते.

प्रवचनपीठासमोरच्या उत्तर भिंतीत दों जेरोनिमो माश्कारेन्याश यांचे स्मारक आहे. हे कोचीनचे कप्तान. १५९३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांनी मागे ठेविलेल्या द्रव्यातून हे चर्च उभे राहिले. बॉम जेझुस हे येशूसंघाच्या ज्या निवासाला जोडलेले होते, त्या निवासाला संघाच्या नियमानुसार कायम उत्पन्न बाळगता येत नसे. दानावरच निर्वाह करावयाचा असे. दात्याचे स्मारक दालनाच्या मध्यभागी असण्याचा अर्थ या नियमाच्या प्रकाशात उलगडतो. केवळ श्रद्धेने नव्हे, तर श्रद्धेतून घडणाऱ्या सत्कृत्यांनीही मनुष्य ईश्वरी कृपेत वाढतो, आणि जिवंतांची प्रार्थना मृतांच्या उपयोगी पडते, या दोन्ही कॅथलिक मतांचा तेथे एकाच वेळी उच्चार होतो. पीठावरून वचन सांगितले जाई, आणि समोरच्या भिंतीत त्या वचनाप्रमाणे वागलेला माणूस दिसत असे.

परंतु हे वचन कोणत्या भाषेत? येथे वास्तू आणि वाङ्मय यांची तुलना उद्बोधक ठरते. बॉम जेझुसचे अर्पण झाले त्यानंतर अकरा वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, येशूसंघाचेच सभासद. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांनी बायबलमधील कथा सांगितली ती मराठी ओवीत. ग्रंथाला नाव दिले 'पुराण', आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' या शब्दाचा स्वीकार केला. म्हणजे एकाच संघाने, एकाच पिढीत, एकाच प्रदेशात शब्दाच्या बाबतीत जी उदारता दाखविली ती दगडाच्या बाबतीत दाखविली नाही. बॉम जेझुसच्या दर्शनी भागात डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि मिश्र या युरोपीय स्तंभशैली एकावर एक रचलेल्या आहेत. देशी मंदिररचनेशी कोठेही तडजोड नाही.

याचे कारण काय असावे? शब्दाचा जुना अर्थ नव्या संदर्भात घासला जातो आणि बदलतो, असा विश्वास येशूसंघाच्या पंडितांना होता. 'वैकुंठ' म्हटले तरी ऐकणाऱ्याला ख्रिस्ती स्वर्गच समजेल, अशी व्यवस्था भोवतालचे निरूपण करू शकते. वास्तूच्या रूपाला असे निरूपण जोडता येत नाही. शिखर दिसले की देऊळच आठवणार. म्हणून भाषेत जवळीक आणि वास्तूत अंतर, असे दुहेरी धोरण दिसून येते. याला लिपीचा अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत असले तरी छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरी खिळे तयार व्हावेत अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी ती व्यक्तही केली. पण ती फळाला आली नाही. अक्षराचे दृश्य रूप वास्तूच्या बाजूला राहिले, आणि ध्वनिरूप लोकांच्या बाजूला आले.

४

चर्चच्या पूर्वेस असलेली सुवर्णरंजित प्रमुख वेदी ही १६०५ ची मूळ वेदी म्हणून दाखविली जाते तेव्हा सावध राहणे अगत्याचे आहे. तिच्या मध्यभागी येशूसंघाचे आद्य संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा सुमारे तीन मीटर उंचीचा पुतळा आहे. इग्नेशियस यांना 'धन्य' ही पदवी १६०९ मध्ये आणि संतपद १६२२ मध्ये, झेवियर यांच्या बरोबरच, मिळाले. तेव्हा संत म्हणून त्यांना वेदीचा मध्य देणारी ही रचना १६०५ मध्ये अस्तित्वात होती असे धरून चालता येत नाही. ती चर्चच्या दुसऱ्या थरातील आहे.

वेदीचा क्रम मात्र पहिल्या थराशी नाते राखून आहे. तळाशी बालयेशूची लहान मूर्ती. तिच्यावर इग्नेशियस, दृष्टी वर लावलेले. त्यांच्या वर तेजोवलयात तीच आय, एच, एस ही अक्षरे. आणि अगदी वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य. खालून वर वाचले तर अवतार, भक्त, नाम आणि ईश्वर असा हा सोपान आहे. बाहेरच्या दर्शनी भागात नाम हे अंतिम होते. येथे ते मधली पायरी झाले आहे. तसेच चर्च ज्या बालयेशूच्या नावाचे, त्याची मूर्ती लहान आणि त्याच्या भक्ताची मोठी, हेही डोळ्यांत भरते. या प्रमाणात गैर असे त्या काळच्या भाविकाला काही वाटले नसेल. ट्रेंटच्या सभेने १५६३ मधील अखेरच्या अधिवेशनात संतांची मध्यस्थी, त्यांच्या प्रतिमा आणि त्यांचे अवशेष यांना दिला जाणारा मान समर्थनीय ठरविला होता. संत हा ईश्वराच्या मार्गात आडवा येत नाही, तर त्या मार्गाकडे बोट दाखवितो. पुतळ्याची वर लागलेली दृष्टी हेच सांगते.

५

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर निवर्तले. त्यांचे शव १५५३ मध्ये मलाक्क्यास आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणले गेले. ते अविकृत राहिले ही वार्ता पसरली आणि त्याबरोबर अवशेषांची मागणी वाढली. १६१४ मध्ये उजव्या हाताचा पुढील भाग वेगळा करून रोमला पाठविण्यात आला. बाप्तिस्मा देणारा हात म्हणून त्याला विशेष महत्त्व होते. म्हणजे १६२४ मध्ये जे शव बॉम जेझुसमध्ये आले, ते त्याआधीच अनेक देशांच्या भक्तीत वाटले गेले होते.

शवासाठी जागा मिळाली ती दक्षिणेकडील बाहूत, दालनाच्या मुख्य अक्षापासून बाजूला. मूळच्या आखणीत या जागेला विशेष महत्त्व नव्हते. त्यामुळे चर्चला दोन केंद्रे निर्माण झाली. एक, समोरची वेदी, जिच्याकडे वास्तूची रेषा जाते; आणि दुसरे, उजवीकडची समाधी, जिच्याकडे भक्ताची पावले जातात. वास्तू आणि वहिवाट यांतील हा फाटा आजही कोणालाही पाहता येतो.

चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातील कारागिरांनी घडविली. तिच्यामागे मार्सेलो मास्त्रिल्ली या नेपल्सच्या येशूसंघीयाची प्रेरणा होती; झेवियर यांच्या कृपेने आपण जीवघेण्या दुखण्यातून उठलो, अशी त्यांची श्रद्धा होती. जपानला जाताना ते गोव्यात थांबले होते. १६३७ मध्येच नागासाकी येथे त्यांचा वध झाला. पेटीच्या बाजूंवर संताच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग चौकटींत उठविलेले आहेत, आणि वर क्रूसाशेजारी दोन देवदूत. त्यांपैकी एकाच्या हाती जळते हृदय आहे, तर दुसऱ्याच्या हाती, हे प्रभो, आता पुरे, अशा आशयाचे झेवियर यांचे उद्गार. ज्या नगरात आधी नामाची अक्षरे शिखरावर चढली होती, तेथे आता चरित्र चित्रांत उतरले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ही चित्रे समजत. शिवाय ती घडविणारे हात इथल्याच सोनारांचे होते. दर्शनी भागात ज्या देशी कारागिरीला वाव नव्हता, तिला अवशेषाच्या सान्निध्यात तो मिळाला.

समाधी याच्या उलट. ती फ्लॉरेन्सची. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो द मेदिची यांना संताच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाली होती; तिची उतराई म्हणून त्यांनी ही समाधी करविली. शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी तिच्यावर सुमारे दहा वर्षे काम केले, आणि तिचे भाग जहाजातून गोव्यास आणून १६९८ मध्ये प्लाचिदो राम्पोनी यांनी ते जुळविले. रंगीत संगमरवराचे थर आणि त्यांवर ब्राँझचे चार फलक. त्यांत उपदेश, बाप्तिस्मा, विरोधकांपासून सुटका आणि मृत्यू हे प्रसंग. एका उशीच्या बदल्यात एवढी समाधी, हा व्यवहार आजच्या वाचकाला विषम वाटेल. परंतु अवशेषांवरील श्रद्धेत वस्तूचे मोल द्रव्याने ठरत नसे, स्पर्शाने ठरत असे. समाधीच्या उंचीकडेही लक्ष देणे अवश्य आहे. ती पेटीला माणसाच्या डोक्याच्या बरीच वर नेते. दर्शन घडते, स्पर्श घडत नाही. ज्या शवाचे भाग वेगळे होत गेले होते, त्याच्यापर्यंत हात पोहोचू नये, याची व्यवस्था या रचनेत आपोआप झाली.

६

देहाच्या या प्रतिष्ठेला राजकीय अर्थ कसा प्राप्त झाला, हे मराठ्यांच्या इतिहासाशी संबंधित एका प्रसंगावरून कळते. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने सांतु इस्तेव हे बेट घेतले. बेट परत घेण्यासाठी गेलेल्या पोर्तुगीज तुकडीची वाताहत झाली आणि खुद्द विजरई कोंद द आल्व्होर घायाळ होऊन परतले. गोवे शहर हाताशी आले होते. त्या संकटात विजरई बॉम जेझुस चर्चमध्ये गेले, शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड व राजाची सनद संताच्या हाती ठेविली. राज्य आता तुमचे, तुम्हीच राखा, असा त्या कृतीचा अर्थ होता. पुढे शहा आलमच्या नेतृत्वाखालील मोगल सैन्य कोकणात उतरू लागले आणि मराठी फौजेला माघारी वळणे भाग पडले. माघारीचे लष्करी कारण हे असे स्पष्ट आहे. पोर्तुगीज गोव्याने मात्र ती संताची कृपा मानली, आणि नव्या विजरईने अधिकारदंड संताच्या समाधीपाशी स्वीकारावा अशी चाल पडली.

लोकभाषेत झेवियर यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. 'सायब' हा शब्द अरबी 'साहिब' वरून आलेला. त्याचा अर्थ धनी, स्वामी. कोकणी ख्रिस्ती परिभाषेतील इगर्ज, फेस्त, पाद्री यांसारखे कितीतरी शब्द पोर्तुगीजमधून आले; पण ज्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम, त्या संताचे नाव मात्र देशी व्यवहारातून उचललेले आहे. त्यात संतत्वाचा उल्लेख नाही, स्वामित्वाचा आहे. विजरईने दंड हाती देऊन जे विधीने केले, तेच लोकांनी शब्दाने केले, असे म्हणता येईल.

याच विजरईंनी, म्हणजे कोंद द आल्व्होर यांनी, २७ जून १६८४ रोजी हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीजचा अवलंब करावा. ज्या संताच्या हाती त्यांनी राज्य दिले, त्या संताने १५४२ नंतरच्या दोन वर्षांत मासेमारी किनाऱ्यावर प्रार्थना तमिळमध्ये करवून घेऊन त्या मुखोद्गत केल्या होत्या. देहाचा मान वाढत असता वचनाचा मार्ग अरुंद होत गेला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

७

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगीज मुलखातून घालवून देण्यात आले. जाताना त्यांनी शव नेले अशी अफवा उठली. तिचे निराकरण करण्यासाठी १७८२ मध्ये शवाचे जाहीर प्रदर्शन झाले. शंका शमविण्यासाठी झालेला हा उपक्रम पुढे श्रद्धेचा उत्सव बनला. एकोणिसाव्या शतकापासून अशी प्रदर्शने होत गेली, आणि ती दर दहा वर्षांनी भरू लागली. अलीकडचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दरम्यान रोगराईने जुने शहर ओस पडत गेले. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. शहर गेले, चर्च राहिले. १९४६ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याला बसिलिकेचा दर्जा दिला, आणि १९८६ मध्ये गोव्याची चर्चे व मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

८

आज चर्चच्या बाहेरच्या भिंती उघड्या जांभ्याच्या, तांबूस-काळपट दिसतात. असंख्य छायाचित्रांतून हेच रूप सर्वपरिचित झाले आहे, आणि पाहणाऱ्याला तेच प्राचीन व अस्सल वाटते. वस्तुतः हे रूप विसाव्या शतकाचे आहे. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु यांच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. जुन्या वास्तूचे जुनेपण दिसले पाहिजे, आणि दगड उघडा असला की ते अधिक दिसते, ही त्यामागची भूमिका. त्या काळी पोर्तुगालमध्ये स्मारकांच्या जीर्णोद्धारात हीच दृष्टी प्रभावी होती. गतवैभवाचे दर्शन घडविणे हा राजवटीच्या कार्यक्रमाचा भाग होता.

ही भूमिकाही एक श्रद्धाच आहे. तिचे दैवत प्राचीनता होय. मूळ बांधणाऱ्यांनी जांभा निवडला तो झाकण्यासाठी. दाखविण्यासाठी त्यांनी वसईचा दगड आणला होता. कोणता दगड बोलेल आणि कोणता मूक राहील, याचा त्यांनी केलेला विवेक गिलावा काढल्याने पुसट झाला. शिवाय जांभा पाणी शोषतो. कोकणपट्टीतील पावसात चुन्याचा लेप हा अलंकार नव्हे, आच्छादन होय. २०२० मध्ये बसिलिकेच्या रेक्टरांनी भिंतींची झीज होत असल्याचे जाहीरपणे मांडून पुन्हा गिलावा करण्याची मागणी केली. त्यावर झालेल्या चर्चेत एका बाजूला भाविकांची चालती-बोलती वास्तू आणि दुसऱ्या बाजूला लोकांच्या डोळ्यांत रुजलेले तांबडे स्मारक, अशा दोन प्रतिमा समोरासमोर आल्या.

या वादात इतिहासाच्या अभ्यासकाला काय म्हणता येईल? सत्तर वर्षांचे रूपही इतिहासच आहे, आणि प्रत्येक थर जपावा, असा युक्तिवाद संभवतो. परंतु थर आणि उणीव यांत भेद केला पाहिजे. चांदीची पेटी, समाधी, सुवर्णरंजित वेदी यांनी मूळ वास्तूत भर घातली. पहिला पाठ त्यांनी खोडला नाही. गिलावा काढणे ही भर नव्हे, ती खाडाखोड आहे. आणि या खाडाखोडीमुळे उरलेल्या सर्व थरांना आधार देणारी भिंतच कमजोर होते. तेव्हा चुन्याचा गिलावा पुन्हा करणे म्हणजे इतिहास झाकणे, असे मानण्याचे कारण नाही.

९

एवढ्या विवेचनावरून दोन गोष्टी हाती येतात. धर्मवास्तूतील एखादी वस्तू ही अमुक श्रद्धेचे प्रतिबिंब आहे, असे म्हणण्यापूर्वी त्या वस्तूचा काळ ठरविणे आवश्यक आहे. बॉम जेझुसच्या बाबतीत 'कॅथलिक श्रद्धा' असा एकच शब्द वापरला तर १५९४ मधील नामाची मुद्रा, प्रवचनाचे दालन, १६३७ मधील पेटी आणि १६८३ मधील अधिकारदंड यांतील अंतर दिसेनासे होते. दुसरे असे की, वास्तूची साक्ष एकटी पुरेशी नसते. दर्शनी भाग पाहून येशूसंघाने देशी परंपरेकडे पाठ फिरविली असे कोणी ठरवील. 'क्रिस्तपुराण' वाचून कोणी नेमके उलट म्हणेल. दोन्ही पुरावे एकाच संघाचे आणि एकाच काळाचे आहेत. श्रद्धेने दगडात काय सांगितले आणि शब्दात काय सांगितले, यांतील तफावत हाच पुढील अभ्यासाचा विषय व्हावयास हवा. आणि मराठी ओवीचा वारसा ज्यांच्याकडे आहे त्या अभ्यासकांवर त्याची जबाबदारी अधिक आहे.